बैठक उघडून नाही राह्यली

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे किस्से येत नाहीत, तक्रारी येतात. चार-दोन वर्षं गेली, तक्रार करणारा आणि ऐकणारा दोघंही थंड झाले, की त्याच तक्रारींचे किस्से होतात. माझ्याकडे असा साठा भरपूर आहे आणि त्यातला निम्मा एकाच खोलीतला आहे.

बालाघाटला आमच्या बौद्ध समाजाच्या भवनात मेश्राम बाई वधू-वर सूचक केंद्र चालवतात. बाई म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण. किरनापूरपासून पार गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या पोरापोरींची माहिती त्यांच्या रजिस्टरांत होती. ती रजिस्टरं उंदरांनी कुरतडायला घेतली तेव्हा बाईंनी मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातून बोलावून घेतलं. "प्रशांत, तुले गणितात मी पास केलतं न? आता माझं काम कर."

मी त्यांच्या कॉम्प्युटरसाठी एक छोटं ॲप्लिकेशन बनवलं. तीन स्क्रीन. एफ-टू दाबलं की वधू, एफ-थ्री दाबलं की वर आणि एफ-फोर दाबलं की 'बैठक', म्हणजे मुलगा-मुलगी दोघांचे फॉर्म शेजारी शेजारी. तपासून पाहायला एक खोटा फॉर्म लागतो, म्हणून वराच्या स्क्रीनवर पहिला फॉर्म माझाच भरला. फोटो माझा, उंची सात फूट, व्यवसाय राजा, अपेक्षा कोऱ्या. तो काढायचा राहूनच गेला.

ऑपरेटर म्हणून बाईंनी किरनापूरची वैशाली ठेवली. एम.ए. झालेली, रोज बसनं ये-जा करणारी, कीबोर्डकडे न पाहता टाइप करणारी. त्या खोलीत सगळे मला प्रशांतभाऊ म्हणायचे, वैशाली मात्र 'सर' म्हणायची. तिनं मला एकदाही भाऊ म्हटलं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात मनात लिहून ठेवलं. तेव्हापासून मला एकच घोर होता: हिला सांगायचं कसं, आणि सांगायचा धीर होईपर्यंत या खोलीत यायचं कोणत्या निमित्तानं? सॉफ्टवेअर बिघडलं तरच मला बोलावणं यायचं ना!

*

पहिली तक्रार चौथ्याच दिवशी आली. प्रत्येक स्क्रीनवर खाली दोन बटणं होती, 'रद्द करा' आणि 'बाहेर जा'. बाईंनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि मला खुर्चीवर बसवलं.

"इथं लोक पोरीचं लग्न जमवाले येतात. त्याहिच्या डोळ्यासमोर 'रद्द करा' लिहून ठेवलं तू?"

"बाई, सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते जी."

"अन् 'बाहेर जा' काहून? घरून निघताना तू आईले 'जातो' म्हणतेस काय?"

मी म्हटलं, नाही, 'येतो' म्हणतो.

"मंग?"

त्या दिवसापासून आमच्या ॲप्लिकेशनमध्ये 'रद्द करा'च्या जागी 'सध्या नको' आहे आणि बंद करायच्या बटणावर 'येतो' लिहिलेलं आहे. वैशाली संध्याकाळी ते बटण दाबताना मान थोडी लववायची. मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

*

राजेगावचे एक काका मुलाचा फॉर्म भरायला आले. वैशालीनं सगळं भरलं, फोटो लावला. काकांनी स्क्रीनवर मुलाला डोळे भरून पाहिलं. मग एक मुलगी दाखवावी म्हणून तिनं एफ-टू दाबलं.

काका उठून उभेच राहिले. "माझा पोरगा कुठं गेला?"

"आहे जी काकाजी, मागं आहे."

काकांनी मॉनिटरच्या मागं जाऊन पाहिलं. तिथं वायरी होत्या.

वैशालीनं एफ-थ्री दाबून मुलगा परत आणला. काका बसले. मुलीची स्क्रीन आणली की काका उठायचे, मुलाची आणली की बसायचे. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी त्यांनी हात जोडून सांगितलं, "पोरी, आता याले नको हालवू. मी बस पकडतपर्यंत तरी राहू दे."

वैशालीनं खरंच राहू दिलं. पुढचे दोन फॉर्म तिनं कागदावर लिहून घेतले. बस सुटायची वेळ टळून गेल्यावर मगच एफ-टू दाबलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो, आणि घरी जाताना मात्र नुसता तिचाच विचार करत गेलो.

*

बैठकीची स्क्रीन उघडायला दोन गोष्टी लागत. दोन्ही घरांच्या नावापुढे 'हौ' या चौकोनात टिक पाहिजे आणि वरून बाईंचा पासवर्ड. दोन्ही घरांचा होकार येईपर्यंत मुलगा-मुलगी एका स्क्रीनवर दिसता कामा नयेत, हा बाईंचा नियम होता.

पासवर्ड टाकायच्या आधी बाई मोठ्यानं म्हणायच्या, "भिंतीकडं तोंड करा!" मुलाकडचे, मुलीकडचे, वैशाली, चहा घेऊन आलेला कोणी, सगळे भिंतीकडे वळायचे. त्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. समोर तसबीर आली की माणसाचे हात आपोआप जुळतात. त्यामुळे बाई एका बोटानं एकेक अक्षर शोधत असेपर्यंत अख्खी खोली हात जोडून उभी असायची.

भंडाऱ्याकडच्या एका पाहुण्यांना हा केंद्राचा विधीच वाटला. जाताना ते म्हणाले, "बाकी केंद्रांत असं वातावरण नाही बाप्पा."

*

बाईंचा पुढचा हुकूम आला, अपेक्षांचा रकाना रिकामा असेल तर पुढची स्क्रीन उघडू द्यायची नाही. "ज्याहिच्या काही अपेक्षा नसतात न, त्याहिच्याच बैठका मोडतात," असं त्यांचं चाळीस वर्षांचं निरीक्षण होतं. मी तसं करून दिलं.

आठवड्याभरात एक मावशी मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमची काहीच अपेक्षा नाही जी." स्क्रीन हलेना. वैशालीनं समजावलं, काहीतरी लिहावं लागते. मावशींनी "बरं, लिहा मंग" म्हणून सुरुवात केली. गोरी असावी, शिकलेली असावी, पण फार नाही, नोकरी असावी, पण घरी लवकर यावी, भाकर पातळ थापावी... रकाना भरला, तरी त्या थांबेनात.

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मुलाला विचारलं, "तू बोल. तुले काय पाहिजे?"

पोरगा हिंदी शाळेत शिकलेला. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, उसको भी मैं पसंद आना चाहिए। बस।"

वैशालीनं आईचं सगळं खोडलं आणि तेवढंच लिहिलं. त्या पोराचं लग्न दोन महिन्यांत जमलं.

*

आता माझ्या पापाचा किस्सा. झालं असं की सॉफ्टवेअर सुधारलं. दोन महिने एकही तक्रार नाही. धंद्यात ही अभिमानाची गोष्ट, पण मला जेवण गोड लागेना. शेवटी एका नव्या अपडेटमध्ये मी हळूच सोय केली, की आठवड्यातून एकदा वराच्या स्क्रीनवरून वधूच्या स्क्रीनवर जाताना गाडी अडकावी. फार नाही, मला बोलवावं लागेल इतकीच.

बोलावणी सुरू झाली. मी जायचो, कपाळाला आठ्या घालून अर्धा तास कीबोर्ड बडवायचो, चहा व्हायचा.

पाचव्या खेपेला वैशालीनं ड्रॉवरमधून एक वही काढली. बिघाड झाला तो प्रत्येक दिवस तिनं लिहून ठेवला होता.

"सर, एक विचारू? हे दर बुधवारीच काहून अडकते?"

बुधवारी माझं दुकान बंद असतं. मी व्होल्टेजवर काहीतरी बोललो. तिनं वही मिटली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि चहात दोन चमचे साखर जास्त टाकली. त्या रात्री मी तो बिघाड काढून टाकला. शरम वाटली, दुसरं काय!

*

त्यानंतर मला जायला कारणच उरलं नाही, आणि नेमकं तेव्हाच वैशालीचे बाबा किरनापूरहून आले नि त्यांनी तिचा फॉर्म भरायला लावला. बाप सांगतोय आणि पोरगी स्वतःचाच फॉर्म टाइप करतेय. अपेक्षांच्या रकान्यात बाबांनी दोनच शब्द सांगितले, "सरकारी नोकरी." हे मला बाईंनी फोनवर सांगितलं. का सांगितलं, ते तेव्हा कळलं नाही.

गोंदियाचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, त्यांच्याकडून 'हौ'वर टिक झाली. वैशालीच्या घरची टिक बाकी होती. बाबांनी विचारलं की ती म्हणायची, "विचार करून राह्यली मी." मी दुकानात बसून लोकांचे प्रिंटर उघडत होतो आणि परत लावताना स्क्रू उरत होते. इतके दिवस बोललो नाही, आता कोणत्या तोंडानं बोलायचं, असं वाटत होतं.

मग एका गुरुवारी तिचा फोन आला. "सर, बैठक उघडून नाही राह्यली. येता काय?"

गुरुवार होता, म्हणजे हे माझं पाप नव्हतं. मला वाटलं, गोंदियाचीच बैठक असणार. माझ्याच हातानं ती उघडून द्यायची वेळ आली होती. तरी गेलो. ती बोलावते आणि मी जात नाही, असं आजवर झालं नव्हतं.

खोलीत बाई पेपर वाचत होत्या. बाकावर वैशालीचे बाबा बसले होते. त्यांच्या शेजारी माझी आई होती, जी सकाळी मला भाजी आणायला चालली म्हणून सांगून निघाली होती.

"कोणाची बैठक आहे?" मी विचारलं.

वैशालीनं एफ-टू दाबलं. तिचाच फॉर्म होता. गोंदियाच्या स्थळापुढे 'सध्या नको'. अपेक्षांच्या रकान्यातली सरकारी नोकरी खोडलेली होती आणि तिथं लिहिलं होतं, 'बोलावलं की येणारा.'

तिनं एफ-थ्री दाबलं. माझा फोटो आला. सात फूट उंचीचे पाच फूट पाच इंच झाले होते. राजाच्या जागी 'कॉम्प्युटरचं दुकान, बुधवारी बंद' होतं. खाली दोन्ही घरांच्या 'हौ'वर टिक होती.

मग तिनं एफ-फोर दाबलं. स्क्रीन हलली नाही.

"तुमच्या अपेक्षांचा रकाना कोरा आहे, सर," ती म्हणाली. "तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नियम तुम्हीच टाकलाय न." आणि तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

मी खुर्चीवर बसलो. बोटं काही चालेनात. बाईंनी पेपरची घडी केली, बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला जी, भिंतीकडं तोंड करा."

बाबा वळले, आई वळली, आणि सगळ्यात शेवटी बाई स्वतः वळल्या. तिघांनीही हात जोडले.