माझ्यासमोरच ठरलं

उजव्या कानाने मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, डाव्या कानात मशीन घालते. मशीनने आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत, हे घरात सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय. माझ्याकडे तोंड करून, जरा सावकाश बोललं की मला कळतं. पण आमचे हे पेपरामागून बोलतात, मुलगा फोनमध्ये बघत बोलतो. पुन्हा विचारलं की दोघंही म्हणतात, "काही नाही, जाऊ दे."

बंगळूरला, मल्लेश्वरमच्या आमच्या घरासमोर एक कन्नड बाई राहायच्या. मी त्यांना अक्का म्हणायची. त्या आधी माझ्या दंडाला हात लावायच्या, मी वळले की मगच बोलायच्या. मला एखादा शब्द नाही कळला तर तोच मोठ्याने न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगायच्या. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, तरी त्यांच्याशी बोलून मी कधी दमले नाही.

एका दुपारी फाटकाशी त्यांनी विचारलं, "मने खाली माडतीरंते?" घर रिकामं करताय म्हणे?

"इल्ला," मी म्हणाले. छे, कोण सांगतं?

त्या गोंधळल्या. मी देवळात गेले होते तेव्हा माणसं घर बघून गेली होती. यजमानच दाखवत होते, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी टीव्ही बंद केला आणि ह्यांना विचारलं.

"अगं, रविवारी जेवताना ठरलं की! मुलाकडे जयनगरला राहायचं, हे घर भाड्याने द्यायचं. तू तिथेच बसली होतीस. मानसुद्धा डोलावलीस."

रविवार आठवला. पंखा गरगरत होता, मुलगा आणि सून एकदमच बोलत होते, अर्धं इंग्रजीत. मी सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "नंतर सांगते हं, आई." मग सगळे माझ्याकडे बघून हसले, म्हणून मीही हसले. माझं घर गेलं ते असं.

"मला नीट विचारलंत का कोणी?"

"म्हणजे काय, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं?"

"ओरडू नका. माझ्याकडे बघून बोला."

"आता ॲडव्हान्स घेतलाय," हे म्हणाले आणि रिमोट उचलला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, फोन खिशात ठेवला. "आई, तुला बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आम्हाला भीती वाटते." एकेक शब्द मला कळला. म्हणजे असं बोलणं त्याला येत होतं. इतकी वर्षं येत होतं. तो मला समजावत होता आणि माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. त्याला वाटलं, आईला पटलं.

जयनगरला येऊन आता वर्ष होईल. फोनवर ओठ दिसत नाहीत आणि व्हिडिओ कॉल अक्कांना जमत नाही. मेट्रोने एकटी जाते म्हटलं की मुलगा नको म्हणतो. जेवताना सगळे एकदम बोलतात. मी वाढते, आणि विचारणं मी सोडून दिलंय.

परवा पाहुणे आले होते. हे त्यांना म्हणाले, "हिला इथलं चांगलं मानवलंय. आता अगदी शांत असते."

त्यांच्या ओठांवरून ते मला स्वच्छ वाचता आलं. मी चहाचा ट्रे ठेवला आणि आत गेले.