महाराज अजून आत आहेत

एका राज्याचा डोलारा सात पिढ्या एकाच घराण्याच्या गळ्यावर उभा होता. हे वाक्य चोपदारकाकांचं. ‘चोपदारीचा इतिहास’ या त्यांच्या हस्तलिखिताची सुरुवात त्यानेच होत असे. घराण्याचं काम इतकंच होतं की चांदीची काठी घेऊन महाराजांच्या पुढे चालायचं आणि मोठ्याने ललकारी द्यायची, म्हणजे बसलेले लोक उभे राहत. राज्य म्हणजे दक्षिणेकडचं एक संस्थान. ते जुन्या नकाशात शोधताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

काका मला भेटले ते टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी. त्यांचा मुलगा मंदार मुंबईच्या एका बँकेतर्फे इथे आला होता आणि आई गेल्यावर त्याने वडिलांना इकडे आणलं होतं. लिफ्टमध्ये शिरलं की काका वळून उभे राहत आणि दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरत. बाहेर कुणी नसे. थोडा वेळ थांबून ते मान लववत आणि मगच बटण सोडत. आठव्या मजल्यावरच्या ओकादा-सान या म्हाताऱ्या बाईंना ही सौजन्याची परिसीमा वाटे. त्याही काकांबरोबर मान लववत. जपानात वेड आणि सौजन्य यांच्यामधली भिंत आमच्या इमारतीतल्या भिंतींइतकीच पातळ आहे.

मी वाचणारा माणूस आहे हे कळल्यावर हस्तलिखित तपासायला माझ्याकडे आलं. अकरा प्रकरणं लिहून झाली होती.

“काका, अकरा प्रकरणांत तुमचे पूर्वज एकदाही खाली बसलेले नाहीत.”

“चोपदार बसत नसतो.”

“पण पदाला अधिकार काय होता?”

“राजाच्या पुढे चालायचा. दिवाण मागून यायचे, सेनापती मागून यायचे. पुस्तकवाले, अख्ख्या राज्यात राजाच्या पुढे कोण? आम्ही आणि घोडा.”

इतिहास मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला होता. पहिले चोपदार गर्दी हटवत. पुढे गर्दी कमी झाली आणि ललकारी लांबली. संस्थान विलीन झाल्यावर दरबार उरला तो जेवणाच्या टेबलापुरता. काकांचे आजोबा दुपारी महाराजांच्या पुढे दिवाणखान्यातून जेवणघरात जात आणि राणीसाहेब व एक निवृत्त डॉक्टर यांना उभं राहायला लावत. त्या दोघांनाही गुडघेदुखी होती, हे तळटीपेत होतं.

बारावं प्रकरण कोरं होतं. त्याचं कारण त्यांनी एका दुपारी सांगितलं. महाराजांना पहाटे छातीत दुखू लागलं आणि मागच्या दाराने अँब्युलन्समधून मुंबईला नेलं. काकांचे वडील त्या दिवशी तापाने पडून होते. महाराज परत आलेच नाहीत. रीत अशी की महाराज वाड्यातून निघाले की चोपदाराने ‘स्वारी निघाली’ अशी ललकारी द्यायची आणि ऐकणाऱ्यांनी ‘वाट मोकळी’ म्हणायचं. ती दिली गेली नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे महाराज अजून आत आहेत.”

“काका, वाड्याचं आता मंगल कार्यालय झालंय.”

“वाडा सोडताना वडिलांनी ही काठी बरोबर घेतली. काठी जिथे, महाराज तिथे.” त्यांनी सोफ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची त्यांची रीत अशी होती की मी मात्र पाहिलं.

“मग ती ललकारी तुम्ही का नाही दिलीत? इतकी वर्षं?”

“दिली की चोपदारी संपली. मग मी कोण? मंदारचा बाबा.”

त्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मंदार हादरला. काका एकदाच म्हणाले, “आवाज गेला तर ते कायमचे आत राहतील.” दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीत त्यांनी घसा मोकळा करून पाहिला, ललकारी नव्हे, नुसता स्वर. संध्याकाळी प्रत्येक टपालपेटीत चिठ्ठी पडली: काही ठिकाणी मोठा आवाज ऐकू आल्याचं कळतं, सर्वांनी कृपया काळजी घ्यावी. मी भाषांतर करून सांगितलं. “कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही,” काका खूश झाले. “ही दरबारी भाषा आहे.”

ज्या शहरात ओरडता येत नाही, तिथे त्यासाठी खोल्या भाड्याने मिळतात. फुनाबोरी स्टेशनजवळच्या कराओकेत मी अर्ध्या तासाची खोली घेतली. काउंटरवरच्या मुलीने किती जण विचारलं. मी “दोन” म्हणणार, तेवढ्यात काकांनी तीन बोटं दाखवली. तिथला नियम असा की माणशी एक पेय घ्यावंच लागतं.

“महाराजांना थंड चालत नसे,” काका हळूच म्हणाले. मी तिसरा ऊलाँग चहा गरम सांगितला.

खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर तरुण मुली आवाजाविना नाचत होत्या. काकांनी फेटा बांधला आणि काठी उभी धरली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. हसायचं नाही.”

“नाही हसणार.”

मला वाटलं होतं, आजारी माणसाचा आवाज कितीसा निघणार. निघाला तो त्यांचा नव्हताच म्हणा, सात गळ्यांचा होता. “महाराजांची स्वारी निघाली! वाट सोडा!” टेबलावरचे माइक थरथरले. मी राजेशाहीबद्दल आयुष्यभर बरंच टवाळ बोललो आहे. माझ्या तोंडून “वाट मोकळी” निघालं ते दुसऱ्या प्रयत्नात.

काकांनी दार उघडलं आणि ते उलट्या पावलांनी बाहेर गेले, महाराजांकडे पाठ होऊ नये म्हणून. कॉरिडॉरमध्ये ट्रे घेऊन तीच मुलगी येत होती. तिने पाहिलं, ट्रेसकट भिंतीला चिकटली आणि कमरेतून वाकली. काकांच्या पुढून काय गेलं ते मी सांगू शकत नाही. ती मात्र सरळ झाली ते बऱ्याच वेळाने.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. काका लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी लगेच दार बंद करायचं बटण दाबलं. ओकादा-सान धावत येत होत्या, त्या राहिल्या.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला, नुसता श्वास उरला. मंदारची बदली झाल्यावर ते दोघे परत गेले. निघताना काकांनी हस्तलिखिताची वही माझ्या हातात दिली. बाराव्या प्रकरणात एकच ओळ होती: ‘वाट मोकळी.’ पुढच्या वर्षी काका गेल्याचा मंदारचा मेसेज आला.

त्यानंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की लिफ्टमध्ये माझं बोट बटणावर असतं. महाराजांसाठी नव्हे. ते गेले, त्याला मी साक्षी आहे. एकदा ओकादा-साननी विचारलं, “आणखी कुणी येतंय का?” मी विचार करायच्या आत “हो” म्हणालो. त्यांनी मान लववली.

गेल्या महिन्यात लिफ्टची तपासणी झाली. तंत्रज्ञाने सांगितलं की इमारतीत म्हातारी माणसं जास्त, म्हणून तळमजल्यावर दार मुळातच दहा सेकंद उघडं राहील असं लावून ठेवलेलं आहे. तेवढ्यासाठी बटण दाबायची गरज कधीच नव्हती.