हिराची बादली

भर वर्गात मला फिट आली होती आणि सरांनी माझ्या नाकाला चप्पल लावली होती.

हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. कारण आज सकाळी हिरा गेली.

नव्वदीच्या सुरुवातीचं पनवेल. कॉलेजचं पहिलं वर्ष, सायकॉलॉजीचा तास. सर फळ्यावर मेंदू काढत होते. चेतापेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात, त्यात वीज कशी असते, अगदी रंगात आले होते.

तेवढ्यात माझ्याच मेंदूतली वीज भडकली.

शुद्ध जाणं म्हणजे झोप नव्हे. झोपेतून उठल्यावर आपण झोपलो होतो एवढं तरी कळतं. इथे मधला तुकडाच गायब.

डोळे उघडले तर नाकाशी चप्पल. कोणाची, देव जाणे. धरलेली खुद्द सरांनी. मेंदूचा अख्खा धडा शिकवून झाल्यावर!

आणि मी नखशिखांत भिजलेली. बाजूला हिरा, हातात रिकामी बादली.

"अक्कल आहे का?" सर तिच्यावर ओरडत होते. त्यांची पँटही भिजली होती. "पाणी तोंडावर शिंपडायचं असतं! अख्खी बादली ओततात का?"

"घाबरले सर. हात सुटला."

वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून तिचं नाव 'बादली'.

हिरा नेऱ्याची, शेतकऱ्याघरची. एसटीने यायची. आमचा बेंच एक, बाकी धड ओळखही नव्हती.

लेडीज रूममध्ये माझी ओढणी पिळून देताना हळूच म्हणाली,
"तुजी सलवार पयलेच ओली झालेली. मना दिसलं. म्हटलं, सगलंच ओलं करून टाकू. आता कोनाला काय कलनार नाय."

फिटमध्ये लघवी सुटते. मेंदूचा ताबा सुटला की शरीराचाही सुटतो, त्यात आपला काही दोष नसतो. आज हे धडाधड सांगता येतं.

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी आईचा एकच धोशा, "कोणाला कळता कामा नये. लग्न कोण करेल?" माझ्या गोळ्या पावडरच्या डब्यात लपवलेल्या असायच्या. फिट आली ती 'उपाशीपोटी चक्कर' म्हणून निभावली. पण ते दुसरं वर्गाला कळलं असतं, तर मी पुन्हा कॉलेजची पायरी चढले नसते.

हिराने मात्र पुढची सगळी वर्षं 'बादली' ऐकून घेतलं.

मीही तिला बादलीच म्हणायचे. सगळ्यांसमोर. लाज वाटते लिहिताना.

औषधांनी फिट्स थांबल्या. लाज नाही थांबली.

दुपारी सुकापूरला तिच्या घरी गेले. तिच्या मुलीने मला ओळखलं आणि नातेवाइकांना सांगितलं, "या आईच्या मैत्रीण. यांच्यावरच आईने बादली ओतलेली!"

रडता रडता सगळे हसले.

"आई तशीच होती, धांदरट," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

म्हणजे हिराने घरीसुद्धा कधी सांगितलं नाही. गमतीतही नाही.

आणि मी? तिथेही नुसती मान हलवली.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर. बाळा, तुला टॅग केलंय. तुझी आई धांदरट नव्हती. तिचा हात सुटला नव्हता.

हिरा, सुखाने जा गं.

आता सगळ्यांना कळू दे.