ऐनाला चिकटलेले भाषण

भाताच्या रोपासाठी ऐनाच्या झाडाची फांदी तोडणारा शेतकरी जंगलाचा वैरी ठरतो काय? उत्तर ठरवण्याआधी माझ्याबरोबर धसईच्या पलीकडे चला.

मी मात्र उत्तर ठरवूनच निघालो होतो. पिशवीत जंगलखात्याविरुद्ध अर्धे लिहिलेले पत्रक, उरलेले अर्धे डोक्यात. सोबत आमच्या शेजारचे कीटकशास्त्राचे डॉक्टर आणि त्यांची भलीमोठी छत्री. कल्याणला मोटरीत बसलो. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून ही मोटर कोळशाच्या धुरावर चालते आणि चढ आला की उतारूंच्या जोरावर. मुरबाडला पोहोचलो तेव्हा मी भट्टीतून काढल्यासारखा दिसत होतो आणि मला पाहून हसून हसून डॉक्टरांचे पोट दुखत होते.

धसईपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. वाटेत डॉक्टरांनी भांडण समजावले. इथले शेतकरी थंडीत ऐनाच्या फांद्या छाटतात आणि उन्हाळ्यात शेताच्या तुकड्यावर जाळतात. हा राब (रोपासाठीची भाजणी). त्या राखेत भाताचे रोप धरते. जंगलखात्याचे साहेब म्हणतात, छाटलेल्या झाडाच्या कोवळ्या पाल्यावर अळ्या माजतात. म्हणून छाटणी बंद करा. डॉक्टर म्हणतात, त्याच पाल्याखाली गोड रसाच्या गाठी असतात. रस प्यायला मुंगळे येतात आणि अळ्यांना पिटाळतात.

पुराव्यासाठी त्यांनी महिन्यापूर्वी दोन छाटलेल्या ऐनांच्या बुंध्याला वडाच्या चिकाचा पट्टा लावला होता, म्हणजे मुंगळ्यांची वाट बंद. ही दोन झाडे अळ्यांनी खाल्ली आणि बाकीची हिरवी राहिली, तर डॉक्टर खरे. पंधरा दिवसांनी साहेबांपुढे अहवाल ठेवायचा होता.

पाड्यावर "डागदर आले" अशी हाक उठली. एकाने गुडघा पुढे केला, दुसऱ्याने शेळी. झाडे ज्यांच्या मळ्यात होती त्या जनाबाईंनी सगळ्यांना हाकलले आणि आम्हांला नाचणीची भाकरी, सुकट आणि काकडी वाढली.

"खा रं, पोरा. नुस्ता बोलतोस, म्हणून वाळलास."

मग झाडांकडे गेलो. बाकीचे ऐन हिरवेगार होते. पट्ट्याच्या पहिल्या झाडाच्या पाल्याची पार चाळणी झाली होती! डॉक्टर टोपी उडवून नाचले. दुसऱ्या झाडाशी आले आणि मटकन खाली बसले. तो ऐन तर बाकीच्यांइतकाच हिरवा.

"संपलं," ते म्हणाले. "मुंगळ्यांवाचूनही पाला शाबूत. साहेबांना हेच हवंय."

जनाबाईंचा चेहरा उतरला. "मंग राब नाय भाजायचा? रोप काय दगडावर करायचं?"

मला राहवेना. त्याच ऐनाला पाठ टेकून मी अन्यायावर भाषण ठोकले. मूठ उगारून पुढे झेपावलो, आणि जागीच राहिलो. सदरा चिकाच्या पट्ट्याला चिकटला होता!

"भाषाण चिकाटलं गो बाय!" जनाबाई डोळे पुसत हसल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. माझ्या पाठीशी उभे राहायला जागा हवी म्हणून त्यांनी बुंध्यामागे टेकवलेला एक बांबू बाजूला केला.

डॉक्टर ताडकन उठले. "मावशी, हा बांबू इथं कोणी लावला?"

"मीच. मुंगळं तुमच्या चिकात मरत व्हतं. त्यांचं जेवान वर नि ती खाली. पूल नको त्यांना? त्या खाल्लेल्या झाडाला बी लावणार व्हते, बांबू नाय गावला."

डॉक्टरांनी छत्री उलटी उघडून फांदीखाली धरली आणि काठी हाणली. टपटप मुंगळे पडले! म्हणजे या झाडाचा पालाही मुंगळ्यांनीच राखला होता! अर्धे छत्रीत, अर्धे माझ्या मानेत. आता नाचायची पाळी माझी होती, आणि माझ्यामागे डॉक्टर, जनाबाई, गुडघेवाला, सारा पाडा!

"सांगा त्या सायबाला," जनाबाई ओरडल्या, "मुंगळं आमच्या बाजूनं हायत!"

परतीच्या मोटरीत मी पत्रक काढले, तेव्हा डॉक्टरांनी माझा हात धरला. "दोन झाडांवर साहेब हसतील. मला शंभर झाडं हवीत." मी पत्रक फाडले नाही, पण बाजूला ठेवले. माझा राग खरा होता. जनाबाईंचा राब मात्र रागाने वाचणार नव्हता.

म्हणून वाचकहो, तुमच्या गावी छाटलेला ऐन असेल तर उद्याच जा. एका झाडाला चिकाचा पट्टा लावा, शेजारचे मोकळे ठेवा. आठ दिवसांनी दोन्हींचा पाला पाहा आणि जे दिसेल तेच, आमच्या विरुद्ध असले तरी, पोस्टकार्डावर लिहून या अंकाच्या पत्त्यावर धाडा.