सूज पाहून हरखलेलं घर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बाज विणणं. बाळंतपणाला ढिली बाज नको म्हणून जुनी दोरी काढून नवी भरत होतो. मी ओढायचो आणि माझी बायको शांता समोरच्या दांडीला पाय लावून ताण धरायची. मध्येच दोरीचा एक वेढा तिच्या पायावर आला. काढून पाहतो तर पायावर चर पडलेला. बाज विणून झाली, चहा पिऊन झाला, तरी तो चर तसाच. ओल्या चिखलात काडी दाबावी तसा.

"दुखते का व?" मी विचारलं.

"पाय नाई दुखत. डोकं फुटून राह्यलं. आन् इथं बरगडीखाली कोनी गोटा ठेवल्यावानी वाटते."

ओसरीवरून आत्या बोलली, "मंग पोट्टा काय गुपचूप बसन काय? लाथा मारून राह्यला तो!" आणि हसली.

त्या हसण्याची मला आजही किळस येते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वर्धा जिल्ह्यात रोहण्याकडचं आमचं गाव, घरची शेती. आता म्हातारा झालो, शांता जाऊन जन्म लोटला. मला गोड लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. ज्या घरात दिवस गेलेली बाई अंग दुखतं म्हणते आणि बाकीचे हसतात, त्या घरासाठी हे लिहितो.

शांताची ही दुसरी खेप होती. पहिली पोरगी बेबी, तेव्हा चार वर्षांची. तिच्या वेळी शांता शेवटपर्यंत कापूस वेचायला जात होती, कधी हाय म्हटलं नाही. या वेळी सहावा महिना लागला आणि तिचं अंग दुखायला लागलं. आधी मान, मग डोकं, मग कंबर. कुठं दुखतं ते नीट सांगता येत नव्हतं. आज इथं, उद्या तिथं. असं दुखणं घरात कोणी खरं धरत नाही.

आई माझ्या लहानपणीच गेली. घर चालवायची ती माझी विधवा आत्या. गावातली अर्धी पोरं तिच्या हातची. त्यामुळे तिच्या शब्दापुढे कोणी बोलायचं नाही. तिने डोक्याला तेल चोळलं, पोटाला ओव्याची पुरचुंडी शेकली, मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. "दुसऱ्या खेपीले असंच होते," म्हणाली.

मग पायाला सूज आली आणि घराचा रंगच बदलला.

आमच्याकडे तेव्हा असं मानत, पोटुशीचे पाय सुजले, चेहरा भरला, की पोरगा. पोरीच्या वेळी बाई सुकते, पोराच्या वेळी फुगते. शांताचे पाय फुगले, बोटांतली जोडवी मांसात रुतली, काढता येईनात. आत्याने गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला नवस बोलून टाकला.

दुपारच्या वेळी बायका तिचे पाय पाहायला येऊ लागल्या. येत, लुगडं जरा वर सारत, नडगीवर अंगठा दाबत. खड्डा पडला की एकमेकींकडे पाहून हसत. बाजारात पपई दाबून पाहावी तसं माझ्या बायकोला दाबून पाहत. एक शेजारीण म्हणाली, "मायं तर नख बी नाई सुजलं माय, तवाच चारी पोट्ट्या झाल्या!" सगळ्या खिदळल्या. चहा पिऊन गेल्या. कपबशा शांतानेच विसळल्या.

मला म्हणाली, "पोट्टा नाई पायजे आन् पोट्टी नाई पायजे. मले फकस्त नीट निजू द्या."

कोणी म्हणेल, दवाखान्यात काऊन नेलं नाही? त्याचंही सांगतो.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. आणीबाणीत सरकारी गाडी दिसली की माणसं तुरीत लपत. माझ्या चुलतभावाला बाजारातून उचलून नेलं आणि नसबंदी करून संध्याकाळी सडकेवर सोडून दिलं. त्याचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. ज्यांनी हे केलं त्यांना कशाची लाज वाटली नाही. पण लोकांच्या मनात बसलं ते बसलं. सरकारी दवाखाना म्हणजे कापाकापी. आणि दुसरं मूल होणारी बाई दिसली की नर्सबाई तिचं नाव लिहून नेते, बाळंत झाली की ऑपरेशनला ओढते, हे तर आत्याला पक्कं ठाऊक होतं.

सडकेवरच्या गावात सरकारी उपकेंद्र होतं. तिथली नर्सबाई सायकलने आमच्या गावी यायची. ती शिवेवर दिसली की पोरं ओरडत येत आणि पोटुशा बायका घराघरांत गडप होत. त्या दिवशी आत्याने शांताला गोठ्यात कडब्यामागे बसवलं.

नर्सबाई दारात उभी राहिली. "सून कुठं आहे आजी?"

"माहेरी गेली."

"आली की पाठवा. दोन मिनिटं हाताला पट्टा बांधून प्रेशर पाहायचं. बाकी काही करत नाही हो मी."

"हाव हाव, पाठोतो नं," आत्या म्हणाली आणि ती वळताच दारात थुंकली.

शांता कडब्यातून बाहेर आली ती केसांत काड्या घेऊन, हसत. "गायीनं चाटलं मले," म्हणाली. घरातले सगळे हसलो. सरकारला फसवलं म्हणून त्या दिवशी आम्ही मोठे शहाणे झालो होतो.

बाज विणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शांता चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

"तुमी दोन-दोन दिसून राह्यले."

"मंग?"

"मंग काय! एकाच्याच भाकरी थापू थापू हात मोडले, आता दोघाईच्या थापा लागतीन."

तिचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. भाकरी तव्यावर होती. तिची मान एका बाजूला वळली, दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले आणि सगळं अंग गदगदा हलायला लागलं. तोंडातून फेस आला, त्यात रक्त. जीभ चावली गेली होती.

आत्या ओरडली, "बाहेरचं लागलं! वाहान आना!" कोणीतरी अंगणातली चामड्याची वहाण आणली आणि आत्याने ती शांताच्या नाकावर दाबली. ज्या वहाणेने माणूस शेणातून, उकिरड्यातून हिंडला ती. फेसाने वहाणेचा तळ ओला झाला. मी ती हिसकून फेकली आणि बैलगाडी जुंपली. आत्या मागे ओरडत होती, "भगत बोलाव बापू! दवाखान्यात मारून टाकतीन तिले!"

सडकेवर कापसाच्या गाठींचा ट्रक मिळाला. ड्रायव्हरने गाडीत वाकून पाहिलं आणि काही न विचारता क्लीनरला खाली उतरवलं. शेजारी राहणारा माझा धाकटा भाऊ वसंता आणि मी, दोघांच्या मध्ये तिला धरून वर्ध्याला आलो. वाटेत तिला आणखी झटके आले. शुद्ध आली नाही.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी धावपळ केली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याच्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा बांधला. मग तिची लघवी काढून काचेच्या नळीत घेतली आणि दिव्यावर धरली. लघवी तापली आणि दुधासारखी फुटली. पांढरे गोळे झाले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. 

"एक्लॅम्पसिया आहे," बाई म्हणाल्या. मला कळलं नाही हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी सांगितलं. पोटुशेपणात काही बायकांचं ब्लडप्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, वाढतो. अंगातलं प्रोटीन, म्हणजे सत्त्व, लघवीतून जायला लागतं. तापवल्यावर ते असं गोठतं. आधी सूज येते, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा दोन-दोन दिसतं, बरगडीखाली दुखतं. तेव्हाच औषध द्यावं लागतं, दवाखान्यात ठेवावं लागतं. नाही तर झटके येतात.

"सूज कधीपासून आहे?"

"लय दिवसांपासून."

"प्रेशर कधी मोजलं होतं?"

"कधीच नाई."

"का? तुमच्याकडे नर्स येत नाही?"

वसंता खाली पाहायला लागला. मी म्हटलं, "येते."

बाई इंजेक्शन भरायला वळल्या.

आम्हाला व्हरांड्यात बसवलं. दवाखान्याचा व्हरांडा ज्याने पाहिला त्याला ठाऊक आहे. फिनाईलचा वास, त्यावर लघवीचा, त्यावर कोणाच्यातरी डब्यातल्या झुणक्याचा. शेजारचा माणूस सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. भिंतीवर थुंकू नये लिहिलं होतं आणि त्या अक्षरांवरच लोक थुंकले होते. त्याने मला विचारलं, "काय हाय तुमाले? पोट्टा का पोट्टी?" मी उठून दुसरीकडे बसलो. तिथेही तेच विचारलं.

बाई बाहेर आल्या. "बाळाचे ठोके लागत नाहीत. बाळ गेलंय. आता बाईला वाचवायचं पाहतो आहोत." दिवसभर इंजेक्शनं चालली, त्यातच बाळंतपण झालं. आयाबाईने कपड्यात गुंडाळलेलं मूल वसंताच्या हातात दिलं, ते त्याने तिथेच वर्ध्याला मातीआड केलं.

शांता दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. लघवी बंद झाली होती, अंगावर जांभळे डाग आले होते. जोडवी शेवटी कापून काढावी लागली. बाई म्हणाल्या, "थोडे दिवस आधी आली असती तर बहुतेक वाचली असती. गोळ्यांनी आणि आरामाने सुद्धा दाब खाली येतो कधी कधी." त्यांना बोलताना त्रास होत होता. मी हात जोडले. तेवढं एकच माणूस माझ्याशी खरं बोललं, त्याचे उपकार मानतो.

शांताचं प्रेत घेऊन आम्ही गावी पोहोचलो तेव्हा सगळं गाव अंगणात. आत्याने गळा काढला. छाती पिटली. मग माझ्याजवळ सरकली आणि हळूच, डोळे पुसत विचारलं, "पोट्टाच होता नं बापू?"

 वसंताच्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"मी सांगतलं होतं!" आत्या बायकांकडे वळली. "पाय पाह्यल्याबरोबर सांगतलं होतं!" आणि बायकांनी माना हलवल्या. प्रेत समोर आणि या माना हलवतात!  माणसाच्या जातीचीच शिसारी आली मला त्या क्षणी.

मुलगा नव्हता म्हणून अग्नी मीच दिला. घरी परत आलो तेव्हा वसंताची बायको कमल लांब शेजारच्या ओट्यावर उभी होती. तिला पाचवा महिना. बाळंतपणात बाई गेली की पोटुशीला तिच्या जवळ येऊ देत नाहीत. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात भासऱ्याने भावसुनेकडे मान वर करून पाहायचं नाही, तिने त्याच्याशी बोलायचं नाही. त्यामुळे माझी नजर खालीच होती. खाली तिचे पाय होते. पैंजण घोट्यावर घट्ट बसलेले.

आत्याचं लक्षही तिकडेच होतं. तिचं रडणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडी जुंपली. ज्याने अग्नी दिला त्याने राख सावडेपर्यंत घराबाहेर पाय टाकायचा नाही, कोणाला शिवायचं नाही, अशी रीत. वसंताच्या दारासमोर गाडी उभी केली आणि ओरडलो, "वसंत्या, कमलले बाहेर काढ. नर्सबाईकडे न्यायचं हाय."

वसंता म्हणाला, "दादा, लोक काय म्हनतीन? राख तरी सावडू दे."

"राख कोठी पळून चालली काय?"

आत्या गाडीपुढे येऊन उभी राहिली. "सुतक पाळ रे! शांतीचं भूत हिले लागन! कोनाच्या घरची सून नेऊन राह्यला तू?"

"सरक आत्या. नाई तर गाडी चालवीन." आणि मी खरंच चालवली असती. ती सरकली.

कमल पदर तोंडावर ओढून मागे बसली, वसंता तिच्या बाजूला. गावातली दारं एकेक उघडत होती. कोणी म्हणालं याचं डोकं फिरलं. मी बैलांच्या पाठीकडे पाहत होतो.

नर्सबाई दात घासत होती. मला पाहिलं, माझ्या अंगावरचं सुतकाचं पांढरं पाहिलं, तिला सगळं समजलं. चूळ भरली आणि पट्टा घेऊन आली.  नर्सबाईने पट्टा फुगवला, कानाला नळ्या लावल्या. पुन्हा एकदा मोजलं. लघवी तापवून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ राहिली.

"काही नाही हिला. दिवसभर उभी राहत असेल, म्हणून पाय जड झालेत. सगळीच सूज वाईट नसते, पण मोजल्याशिवाय कळत नाही. महिन्याच्या महिन्याला आणा."

"आनतो," मी म्हटलं.

बाहेर आलो. सडकेवर हॉटेलवाल्याने कढईत आलूबोंडे सोडले होते. गाडीत बसताना पदराआडून आवाज आला. कमल पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"भाऊजी, मले भूक लागली."

सुतकात तळलेलं खात नाहीत, बाहेरचं तर नाहीच. मी एक पुडा बांधून आणला आणि तिच्या हातात दिला. तिने गाडीतच, पदर मागे सारून, फुंकर घालत घालत खाल्ले. मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि तिचं खाणं होईपर्यंत गाडी हाकली नाही.