मोपेडचा नवा सायलेन्सर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोपेडचा सायलेन्सर गंजून फुटला होता. कंपनीचा मिळेना, म्हणून मेकॅनिकने बाजारातला दुसराच आणला. तो नीट बसेना, तेव्हा पत्र्याची पट्टी घालून आवळला आणि किक मारली. "ऐका, कसा गोड वाजतोय!"

खरंच गोड वाजत होता. मी मूर्खासारखा खूश होऊन घरी निघालो.

माणूस गेला की आपण त्याचे कपडे देऊन टाकतो, चष्मा कपाटात ठेवतो, फोटोला हार घालतो. आवाज मात्र कुणी जपत नाही. दोनच वर्षं झाली, पण अण्णांचा आवाज मला आठवत नाही. त्यांच्या गाडीची फटफट तेवढी उरली होती. ती कोपऱ्यावर ऐकू आली, की आई चहाचं आधण ठेवून दाराची कडी काढायची. अण्णांनंतर गाडी मी चालवू लागलो, तरी तिने ते सोडलं नाही. दार माझ्यासाठी उघडं असतं, असं मी समजत होतो.

आज दार बंद होतं. मी कडी वाजवली.

"कोण आहे?" आईने आतून विचारलं.

मी तसाच मेकॅनिककडे परत गेलो. जुना सायलेन्सर त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला होता. "पार सडला होता हो. काय करणार होतात त्याचं?"

घरी आलो आणि पुन्हा कडी वाजवली.