पॉम्पेईच्या स्वयंपाकघरातले टोमॅटो

माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे, म्हणजे आमच्या आन्येल्लो भावोजींकडे, संगमरवराची एकच लादी होती. त्या एका लादीवर त्यांनी चौदा वर्षं चित्रकारी केली. एका चित्रात ती सम्राटाच्या हमामाची पायरी झाली, दुसऱ्यात देवळाचा ओटा, तिसऱ्यात कुठल्याशा सुंदरीची टेकायची जागा. रविवारी मात्र माझी बहीण नुन्झिया ती लादी धुऊन घ्यायची आणि तिच्यावर पास्त्याचं पीठ लाटायची. सोमवारी भावोजी ओरडायचे, "नुन्झिया, माझ्या रोमला पीठ लागलंय!"

ती आतून म्हणायची, "आणि काल पिठाला तुमचा निळा रंग लागला होता, तो मुकाट गिळलात ना?"

भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली. नेपल्सच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही नाव चुकवलं मेल्यांनी. म्हणून मीच लिहायला बसले. मी राकेले, शिवणकाम करते. भावोजींच्या चित्रांत जेवढ्या म्हणून रोमन बायका आहेत, त्या सगळ्यांच्या अंगावर मी शिवलेल्या जुन्या चादरी आहेत.

ते मूळचे बोस्कोरेआलेचे, ज्याच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं त्या डोंगराच्या पायथ्याचे. वडील पॉम्पेईच्या खोदकामावर राखेच्या पाट्या वाहायचे. एकदा राखेखालून एक रंगवलेली भिंत निघाली, तेव्हा वडिलांनी सात वर्षांच्या आन्येल्लोला खांद्यावर घेऊन धावत नेलं. "बघून घे, ऊन लागलं की रंग उडतो," म्हणाले. भावोजींनी जे बघितलं ते शेवटपर्यंत डोळ्यांतून गेलं नाही. पुढे नेपल्सच्या कलाशाळेत शिकले, नुन्झियाशी लग्न केलं आणि जन्मभर पॉम्पेईची माणसं रंगवायची असं ठरवून टाकलं.

त्यांचा एक नियम होता. जे राखेखालून निघालं तेच चित्रात येणार, बाकी काही नाही. एका पळीचा दांडा सरळ की वाकडा, एवढ्यासाठी हा माणूस संग्रहालयात तीन वेळा पायी गेला. परदेशी प्रवासी त्यांची लहान चित्रं विकत न्यायचे, घर चालायचं. पण नेपल्सच्या वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर एकावर एक चार रांगा चित्रं टांगत, आणि भावोजींचं चित्र दर वर्षी सगळ्यात वर, पार छताला चिकटलेलं.

त्यांना खरं दुःख होतं ते आईचं. नुन्झियाच्या सासूबाई, दोन्ना आस्सुंता, प्रदर्शनाला येतच नसत. "मान दुखते माझी," म्हणायच्या. "वरच बघायचं तर मी देवळात जाईन, तिथे निदान देव दिसतो." घरी कधी चित्र दाखवलं तर म्हणायच्या, "ही माणसं कामधंदा काही करत नाहीत का रे? जेव्हा बघावं तेव्हा टेकलेली." मुलाच्या चित्राला त्यांनी एकदाही छान म्हटलं नाही. भावोजी हसून सोडून द्यायचे, पण मला दिसायचं ना.

एक्केचाळिसाव्या वर्षी अखेर नशीब उघडलं. प्रदर्शनाच्या मंडळींनी कबूल केलं की या वेळचं चित्र नजरेसमोर लावू, मोठ्या भिंतीच्या मधोमध. त्या दिवशीच भावोजींनी आईला निरोप धाडला, की मान वर करावी लागणार नाही, आता यायचंच.

चित्राचं नाव 'पॉम्पेईतलं स्वयंपाकघर'. मधे लादीला टेकलेली मालकीण, मागे चुलीपाशी एक म्हातारी स्वयंपाकीण, भिंतीवर पितळी पळ्या, झारे, आणि खुंट्यांवर लाल टोमॅटोच्या माळा. त्या माळा सासूबाईंनीच गावाहून पाठवल्या होत्या. आमच्याकडे ऑगस्टात घरातली थोरली बाई देठासकट टोमॅटो दोऱ्यात ओवून टांगते आणि ते वसंतापर्यंत टिकतात. भावोजींनी माळा घरातल्या चित्रशाळेत टांगून घेतल्या. मी रश्शाला दोनचार तोडायला गेले की किंचाळायचे, "राकेले, माझा इतिहास तोडू नकोस!" हात लावू दिला नाही, तर एक टोमॅटो माळेतच नासला. त्यांनी तोही रंगवला.

चित्र पोचवायचं होतं शनिवारी. मंगळवारी एक जर्मन प्राध्यापक आले, जुन्या रोमचे मोठे जाणकार. भावोजींनी हौसेने बोलावलं होतं. प्राध्यापकांनी पळ्या बघितल्या, चूल बघितली, "वा! वा!" म्हणाले. मग नजर वर गेली आणि त्यांना हसू फुटलं.

"कारोतेनुतो महाशय," ते भावोजींना म्हणाले, "हे टोमॅटो कुठून आले?"

"कुठून म्हणजे?" नुन्झियाच उत्तरली. "माझ्या सासूच्या शेतातून!"

"बाईसाहेब, टोमॅटो अमेरिकेतून आला. पॉम्पेई गाडलं गेल्यावर चौदाशे वर्षं तरी इकडे त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं."

न्हावी, शेजारी, कलाशाळेतले दोन मास्तर, सगळ्यांनी महिनाभर ते चित्र बघून माना डोलावल्या होत्या. एकाच्याही ध्यानात आलं नाही. येणार कसं? टोमॅटो नसलेलं स्वयंपाकघर आमच्यापैकी कुणाच्या कल्पनेत तरी बसतं का?

प्राध्यापक भले होते. "कांदे करून टाका, मी कुणाला सांगणार नाही," म्हणून गेले.

बुधवारी सकाळी भावोजी खरवडायची सुरी घेऊन चित्रासमोर बसले ते दुपारपर्यंत तसेच. चेहरा पार उतरलेला. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "पळीच्या दांड्यासाठी तीन खेपा घातल्या मी, राकेले. आणि हे बघ. आता तूच सांग, यात खरं काय आहे?"

मला त्यांची कीव आली, आणि कीव आली की मला राग येतो. "टोमॅटो खरे आहेत!" मी म्हटलं. "आणि त्या म्हातारीचे हात खरे आहेत, ते तुमच्या आईचे आहेत, मी ओळखते. बाकी सगळं माझं शिवणकाम!"

ते उठले आणि खरवडायला लागले. टोमॅटो नव्हे, मालकीण! मी चार दिवस खपून घातलेल्या तिच्या चुण्या माझ्यासमोर खाली गळून पडल्या. "अहो, काय करताय!" मी ओरडले.

"ही बाई काही काम करत नव्हती," ते म्हणाले.

लादी गेली, पळ्या गेल्या. तीन दिवसांत म्हातारी पुढे आली, तिच्या अंगावर काळा झगा आणि मळकं एप्रन आलं, चूल बोस्कोरेआलेची झाली. माळा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. शनिवारी ओलं चित्र हातगाडीवरून नेलं. वाटेत त्यावर एक माशी चिकटली, ती आजही तिथेच आहे.

प्रदर्शनाची मंडळी खवळली. यादीत छापलेलं पॉम्पेई, आणि समोर नुन्झियाची सासू! मधली जागा लगेच दुसऱ्याला दिली. बरीच हुज्जत घातल्यावर भावोजींचं चित्र लावलं ते दाराशेजारी, सगळ्यात खालच्या रांगेत, माणसाच्या गुडघ्याशी. नुन्झिया रडली. भावोजी एवढंच म्हणाले, "आईला येऊ नको म्हणून कळवा."

निरोप पोचेपर्यंत आई निघाली होती. रविवारी हातात टोपली घेऊन हजर! पायऱ्या चढून दमली, म्हणून पहारेकऱ्याने आपली खुर्ची दिली. ती दारातच बसली आणि चित्र बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आलं.

तिने ते खूप वेळ बघितलं. भावोजींच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. कामधंद्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मग पुढे वाकली. "आन्ये, त्या कडेच्या माळेत खालून तिसरा नासलाय. काढ आधी, नाहीतर अख्खी माळ जाईल." आणि हात पुढे केला.

"हात लावू नका!" पहारेकरी धावला.

"थांब आई, मी काढतो," भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून वाहत होते. गुडघ्यांवर बसून त्यांनी चित्रापाशी बोटं नेली, अलगद काहीतरी तोडल्यासारखं केलं आणि मूठ कोटाच्या खिशात घातली. "काढला."

आई खुर्चीत मागे रेलली.

"आता छान," ती म्हणाली.